पोर्टिंग आणि पॉलिशिंग : इंजिनाची ताकद कुठून येते आणि कुठे जाते



आजचा विषय इंजिनाच्या हेडचा आहे. 'पोर्टिंग-पॉलिश करून घेतलं' हे वाक्य तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी गॅरेजच्या दारात ऐकलं असेल. काहींनी करूनही घेतलं असेल. गाडी परत येते, आवाज बदललेला असतो, मालक खूश असतो. महिन्याभरानं तोच मालक सांगतो, की टॉप थोडा वाढल्यासारखा वाटतो, पण पिकअप गेला, ॲव्हरेज उतरला आणि घाटात सारखा खालचा गिअर टाकावा लागतो. पैसे मोजले आणि गाडी मंद झाली. असं का होतं? आणि हेच काम नीट केलं तर खरोखर ताकद वाढते, ती कशी? या दोन प्रश्नांवर आज बोलू. मी गणित थोडं सांगणार आहे, पण ते गुणाकार-भागाकाराच्या पुढचं नाही.

पहिली गोष्ट. इंजिन पेट्रोलवर चालतं असं आपण म्हणतो. पण ताकदीला मर्यादा घालते ती हवा. एक भाग पेट्रोल पूर्ण जळायला वजनानं साधारण १४.७ भाग हवा लागते. जास्त पेट्रोल ओतणं सोपं आहे, मोठा जेट बसवला की झालं. पण ते जाळायला हवा नसेल तर ते धूर होऊन सायलेन्सरमधून बाहेर जातं. म्हणून ताकद वाढवायची म्हणजे प्रत्येक फेऱ्यात सिलिंडरमध्ये जास्त हवा भरायची. हेडचं काम म्हणजे हवेचा रस्ता सुधारायचं काम.

आता उदाहरणाला जुनी बिडाची बुलेट घेऊ. बोअर ७० मिलिमीटर, स्ट्रोक ९०, म्हणजे ३४६ सीसी. ती ५००० आरपीएमला फिरते आहे असं समजा. फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांत एकदा हवा आत येते, म्हणजे मिनिटाला २५०० वेळा, सेकंदाला सुमारे ४२ वेळा. पिस्टन वरून खाली यायला लागणारा वेळ आहे ६ मिलिसेकंद. एका सेकंदाचे हजार तुकडे केले, त्यातले सहा. तेवढ्यात साधारण ०.४ ग्रॅम हवा कार्ब्युरेटरमधून, पोर्टमधून, व्हॉल्व्हच्या कडेनं वळसा घेऊन आत शिरायला हवी.

आणि तिला आत ढकलतंय कोण? 'इंजिन हवा ओढतं' हा आपला बोलण्याचा प्रकार झाला. पिस्टन खाली जातो, आत दाब कमी होतो, आणि बाहेरचं वातावरण हवेला आत लोटतं. सुपरचार्जर किंवा टर्बो नसेल तर ढकलायला एवढंच बळ आहे, एका वातावरणाचं. त्यातलं काही वळणावर, कडेवर, खाचेत वाया गेलं तर ते परत मिळत नाही. म्हणून कोपऱ्यांना महत्त्व.

मोठं भोक, मंद हवा

मग सरळ उपाय सुचतो : भोक मोठं करा. नळ मोठा केला की पाणी जास्त येतं, तसं. इथेच बहुतेक काम बिघडतं. कारण नळातून पाणी सतत वाहत असतं, पोर्टमधली हवा सेकंदाला ४२ वेळा थांबते आणि ४२ वेळा पुन्हा सुटते.

गणित करून बघू. ५००० आरपीएमला या पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १५ मीटर. इनलेट पोर्टचा व्यास २८ मिलिमीटर आहे असं धरा. पिस्टनचं क्षेत्रफळ पोर्टच्या सव्वासहा पट. म्हणजे पोर्टमधल्या हवेचा सरासरी वेग १५ गुणिले सव्वासहा, सेकंदाला सुमारे ९४ मीटर. आता कुणी तो पोर्ट ३२ मिलिमीटर केला. चारच मिलिमीटर. क्षेत्रफळ मात्र ३१ टक्क्यांनी वाढलं, आणि हवेचा वेग ७२ वर आला. घाटात आपण ५००० वर चालवत नाही, २५०० च्या आसपास असतो. तिथे मूळ वेग ४७ होता, तो आता ३६ झाला.

वेग कमी झाला तर बिघडलं काय? हे नीट समजून घ्या, कारण सगळा विषय इथे आहे. पिस्टन अगदी खाली पोहोचला की इनलेट व्हॉल्व्ह लगेच बंद होत नाही. पिस्टन परत वर चढायला लागतो तरी व्हॉल्व्ह उघडा असतो. बऱ्याच इंजिनांत क्रॅंक ५०-६० अंश पुढे जाईपर्यंत. असं मुद्दाम ठेवलेलं असतं. पोर्टमधून जोरात आलेल्या हवेला वजन आहे, ती एकदम थांबत नाही. गर्दीच्या एसटीत मागचे लोक रेटत राहतात ना, तशी मागून येणारी हवा पुढच्या हवेला आत कोंबत राहते. पिस्टन वर येत असतानाही सिलिंडर भरत राहतो. हा फुकटचा फायदा हवेच्या वेगातून मिळतो, आणि तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. वेग ९४ वरून ७२ आला म्हणजे हवेच्या प्रत्येक ग्रॅममधला जोर ४१ टक्क्यांनी गेला. कमी आरपीएमला तर उलटच होतं. मंद हवा आत रेटायच्या ऐवजी वर येणारा पिस्टनच तिला कार्ब्युरेटरकडे परत ढकलतो. त्यात पेट्रोल मिसळलेलं असतं. पिकअप गेला, ॲव्हरेज गेला, त्याचं उत्तर हे.

मग मोठा पोर्ट कधीच नको का? हवा ना, पण इंजिन ज्या आरपीएमला राहणार आहे त्याच्या हिशोबानं. ट्रॅकवरची गाडी सतत वरच्या आरपीएमला असते, तिथे वेग भरपूर असतो, अडचण जागेची असते. आपण कात्रज किंवा आंबा घाट चढणार असू, मागे माणूस बसलेला असेल, तर अडचण वेगाची आहे.

अडतं नेमकं कुठे?

आता दुसरा भाग. पोर्ट एकसारखी नळी नसते. कार्ब्युरेटरच्या बाजूचा भाग सरळ असतो, हात जातो, ग्राइंडर जातो, म्हणून लोक तोच घासतात. पण हवेला तिथे फारसा त्रास नसतोच. त्रास शेवटच्या दोन-तीन सेंटिमीटरमध्ये आहे : वळणावर, व्हॉल्व्हच्या मागच्या वाटीत आणि सीटवर.

व्हॉल्व्ह कसा उघडतो बघा. तो दार उघडल्यासारखा बाजूला होत नाही. तो खाली सरकतो आणि भोवती एक गोल फट तयार होते. फटीचं क्षेत्रफळ म्हणजे व्हॉल्व्हचा परीघ गुणिले लिफ्ट. लिफ्ट व्यासाच्या पाव झाली, की फट आणि व्हॉल्व्हचं वर्तुळ यांचं क्षेत्रफळ सारखं होतं. ३६ मिलिमीटरचा व्हॉल्व्ह असेल तर ९ मिलिमीटर लिफ्टला. त्याच्या आधी, म्हणजे व्हॉल्व्ह अर्धवट उघडा असताना, पोर्ट कितीही मोठा असो, हवा त्या फटीतूनच जाणार. दार अर्धवट उघडं ठेवून मागचा बोळ रुंद करण्यात अर्थ नाही.

म्हणून पहिलं काम सीटचं. सीट साधारण ४५ अंशांत कापलेली असते. तिच्या वरच्या बाजूला ३० अंशांचा आणि खाली ६० अंशांचा काप दिला की हवेला एका धारदार कडेऐवजी तीन लहान वळणं मिळतात. याला 'थ्री-अँगल' म्हणतात. हे काम चांगल्या सीट कटरवर होतं, त्याला चकाकी नसते, फोटोत काही दिसत नाही. पण कमी लिफ्टला हवा वाढवणारं याच्याइतकं स्वस्त काम दुसरं नाही. सीट अगदी बारीक मात्र करायची नाही. व्हॉल्व्हची उष्णता सीटमधूनच हेडमध्ये जाते. एक्झॉस्टची सीट फार अरुंद केली तर व्हॉल्व्ह जळतो.

दुसरं काम वाटीचं, म्हणजे सीटच्या लगेच मागचा भाग. कारखान्यात ओतलेला पोर्ट आणि मशीनवर कापलेली सीट जिथे भेटतात तिथे बऱ्याचदा एक कंगोरा राहतो. तो गुळगुळीत मिसळून टाकायचा. वाटीचा गळा व्हॉल्व्हच्या व्यासाच्या ८५ ते ९० टक्के ठेवायचा असा सर्वसाधारण हिशोब. ३६ च्या व्हॉल्व्हला ३१-३२ मिलिमीटर. त्यापुढे खोदलं तर सीटलाच आधार राहत नाही.

तिसरं, वळणाची आतली बाजू. पोर्ट वळतो तेव्हा बाहेरची बाजू लांब असते, आतली आखूड. हवा आखूड बाजूनं जायला बघते, पण वळण तीव्र असेल तर तिला वळता येत नाही. ती भिंत सोडून देते आणि तिथे भोवरे होतात. वेगात आलेली गाडी वळणावर बाहेर फेकली जाते तसंच. पोर्टचा तळ खोदून 'मोठा' केला की हे वळण आणखी तीव्र होतं आणि मोठा झालेला पोर्ट आधीपेक्षा कमी हवा देतो. म्हणून जाणकार माणूस काढायचंच असेल तर छताकडून काढतो, तळाला फक्त गोलाई देतो.

वेस्लेक आणि मिनी

हे सगळं अंदाजानं कळत नाही, मोजावं लागतं. मोजण्याची शिस्त या क्षेत्रात रुजवणाऱ्यांपैकी एक मोठं नाव इंग्लंडचे हॅरी वेस्लेक. जन्म १८९७, मृत्यू १९७८. हेड एका पेटीवर बसवायचं, त्यातून ठरावीक दाबानं हवा ओढायची, व्हॉल्व्ह एकेक मिलिमीटर उघडत जायचं आणि प्रत्येक ठिकाणी किती हवा गेली ते लिहायचं. यालाच आज आपण फ्लो-बेंच म्हणतो. १९३० च्या दशकात विल्यम लायन्स यांच्या एसएस गाड्यांसाठी, म्हणजे पुढच्या जॅग्वारसाठी, वेस्लेक यांनी साइड-व्हॉल्व्ह इंजिनाला ओव्हरहेड-व्हॉल्व्ह हेड आखून दिलं. खालचं इंजिन बरंचसं तेच, पण ताकद ७० हॉर्सपॉवरच्या आसपास होती ती १०० च्या पुढे गेली.

त्यांचंच दुसरं काम आपल्या जास्त ओळखीचं आहे. १९५१ च्या ऑस्टिन ए-३० पासून सुरू झालेल्या ए-सिरीज इंजिनाच्या हेडमधला हृदयाच्या आकाराचा ज्वलनकक्ष वेस्लेक यांचा. त्याच घराण्यातलं मोठं भावंड म्हणजे बी-सिरीज, आणि त्याचं १४८९ सीसीचं रूप आपल्या ॲम्बॅसेडरमध्ये वर्षानुवर्षं होतं. या दोन्हींत एक अडचण जन्मजात आहे. चार सिलिंडरना इनलेट पोर्ट दोनच. शेजारच्या दोन सिलिंडरना एकच पोर्ट, त्यामुळे एकाच्या तोंडचा घास दुसरा पळवतो. कुठलाही ग्राइंडर ही अडचण काढू शकत नाही, कारण ती आकाराची नाही, आराखड्याची आहे. हेड हातात घेतलं की त्याची मर्यादा कुठली, ते आधी ओळखायचं.

तरी त्या मर्यादेत किती जाता येतं, याचं उदाहरण मिनी. १९५९ ची पहिली मिनी ८४८ सीसी, ३४ हॉर्सपॉवर. १९६३ ची कूपर एस १०७१ सीसी, ७० हॉर्सपॉवर. सीसी वाढली सव्वापट, ताकद दुप्पट. जानेवारी १९६४ मध्ये पॅडी हॉपकर्क यांनी तीच गाडी घेऊन मॉन्टे कार्लो रॅली जिंकली. पण ते एकट्या पोर्टिंगचं फळ नव्हतं. मोठे व्हॉल्व्ह, वेगळा कॅमशाफ्ट, दोन कार्ब्युरेटर, जास्त कॉम्प्रेशन आणि हे सगळं सोसणारा मजबूत क्रॅंक, असा तो संच होता. एकच दागिना घालून लग्न लागत नाही, तसं आहे हे.

पुढे रेसिंगमध्ये चार व्हॉल्व्हचं हेड रूढ झालं. १९६७ मध्ये डच ग्रां प्रीत जिम क्लार्क यांनी कॉसवर्थ डीएफव्ही इंजिन पहिल्याच शर्यतीत जिंकून दाखवलं, त्याच्या प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह होते. कारण साधं आहे. ४० मिलिमीटरच्या एका व्हॉल्व्हचा परीघ १२६ मिलिमीटर. जवळपास तेवढ्याच क्षेत्रफळाचे २८ चे दोन व्हॉल्व्ह घेतले, तर परीघ मिळून १७६. म्हणजे तेवढ्याच लिफ्टला फट ४० टक्के जास्त. आजच्या तुमच्या मोटरसायकलीत चार व्हॉल्व्ह असतील, तर हे काम कारखान्यानंच करून दिलेलं आहे. तिथे हातानं मिळवायला जुन्या इंजिनाइतकं शिल्लक नसतं.

आरशासारखं पॉलिश

आता पॉलिश. इनलेट पोर्टमध्ये तोंड दिसलं पाहिजे, असा एक हट्ट असतो. ती मेहनत हवेच्या कामाची नाही. ओतकामाचे ओबडधोबड दाणे, कंगोरे काढले की पुढच्या चकाकीनं हवा जवळजवळ वाढत नाही. आणि जिथे कार्ब्युरेटर आहे किंवा इंजेक्टर पोर्टमध्ये फवारतो, तिथे पेट्रोलचे थेंब भिंतीवर बसतात. थोडा खरखरीत पृष्ठभाग ते थेंब पुन्हा हवेत उडवायला मदत करतो. म्हणून इनलेटला ६० ते ८० नंबरचा एमरी फिरवून थांबायचं. एक्झॉस्टला गुळगुळीत चालतं, काजळी कमी धरते, एवढाच फायदा. ज्वलनकक्षात मात्र धारदार कडा नक्की काढाव्यात, कारण त्या तापून लाल होतात आणि ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवतात.

पण कक्षातून धातू काढला की कॉम्प्रेशन उतरतं, हे विसरू नका. ३४६ सीसीच्या सिलिंडरवर कक्ष ५८ सीसीचा असेल तर कॉम्प्रेशन साधारण ७. तीन सीसी घासून काढले, कक्ष ६१ चा झाला, कॉम्प्रेशन ६.७ झालं. हवेत कमावलं ते इथे घालवलं. म्हणून आधी आणि नंतर कक्ष मोजायचा. वर भोक पाडलेली ॲक्रिलिकची काच ग्रीस लावून बसवायची आणि ब्युरेटनं रॉकेल सोडायचं. चार सिलिंडर असतील तर चारही सारखे हवेत.

धातू परत येत नाही

आपल्याकडे कोल्हापूर, इचलकरंजीकडच्या फाउंड्रीत काम केलेली मंडळी इथे असतील, त्यांना हे लगेच पटेल. पोर्टची पोकळी वाळूच्या कोअरनं तयार होते. पाण्याचं जॅकेट असलेल्या हेडमध्ये त्याचाही वेगळा कोअर असतो. ओतताना कोअर मिलिमीटरभर जरी सरकला, तर एका बाजूची भिंत जाड आणि दुसरी पातळ होते. बाहेरून ते दिसत नाही. एका हेडमध्ये दोन मिलिमीटर सुखानं निघाले म्हणून त्याच मॉडेलच्या दुसऱ्या हेडमध्ये निघतीलच असं नाही. ग्राइंडर पाण्याच्या जॅकेटमध्ये घुसला की हेड गेलं. ॲल्युमिनियमचं असेल तर वेल्डिंगनं वाचवता येतं, पण ते खर्चिक आणि वाकडं होण्याची भीती. बिडाचं असेल तर बहुधा भंगारात.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी इंजिन तपासा : रिंगा, व्हॉल्व्हची गळती, टायमिंग. हेड उलटं धरून पोर्टमध्ये रॉकेल ओता. सीटमधून पाझरत असेल तर ताकद तिथेच जाते आहे. मग सीट, मग वाटी, मग आखूड बाजूची गोलाई. शेवटी गॅस्केटची जुळणी. मॅनिफोल्डचं तोंड पोर्टपेक्षा मोठं नको, कारण मग हवा थेट कडेवर आपटते. आणि प्रत्येक टप्प्यावर मोजा. व्हॅक्यूम क्लीनरची मोटर, लाकडी पेटी आणि पाण्याची यू-नळी एवढ्यावर घरगुती फ्लो-बेंच होतो. त्याचे आकडे दुसऱ्याच्या आकड्यांशी ताडून बघण्यात अर्थ नाही, पण 'आधी' आणि 'नंतर' यातला फरक तो खरा सांगतो. हवा बदलली की जेटिंगही पुन्हा बघावं लागतं.

श्रोत्यांचे प्रश्न

*आरएक्स १०० ला हेच लागू होतं का?*

नाही, आणि बरं झालं विचारलंत. ती टू-स्ट्रोक. तिचे पोर्ट हेडमध्ये नसतात, सिलिंडरच्या भिंतीत असतात, आणि पिस्टनच ते उघडतो-झाकतो. तिथे पोर्टची वरची कड एक मिलिमीटर उचलली म्हणजे टायमिंगच बदललं. फोर-स्ट्रोकमध्ये तुम्ही रस्ता बदलता, टू-स्ट्रोकमध्ये रस्ता आणि वेळापत्रक दोन्ही. म्हणून तिथे आणखी जपून.

*फक्त सीट आणि वाटीचं काम केलं तर फरक जाणवेल का?*

जुन्या, ओबडधोबड ओतलेल्या हेडमध्ये जाणवेल, आणि मुख्य म्हणजे खालच्या आरपीएमचं नुकसान न होता. पोर्टचा व्यास तोच राहिला, वेग तोच राहिला, फक्त अडथळा गेला.

*रस्त्यावरच्या गाडीला करावं का?*

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या फेरबदलांविषयी आहे, ते वाचून घ्या. पीयूसी आणि विम्याचाही विचार करा. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत ईसीयू ठरलेल्या हवेच्या हिशोबानं चालतो, तिथे नुसतं हेड घासून भागत नाही. जुनी गाडी असेल, हेड तसंही उघडलेलं असेल, तर सीटचं काम उत्तम करून घ्या. कारागिराला एकच विचारा : 'किती मोठं कराल?' असं नाही, 'काय मोजून कराल?' उत्तरात आकडा आला तर हेड त्याच्या हातात द्या.